तलावाच्या माथी मारलेला ताप

मागच्या पंधरवड्यात अंबाझरी तलावाजवळच्या एका लेआउटमधले चार-पाच रहिवासी ओपीडी संपता संपता मला भेटायला आले. हातात एक निवेदन, खाली साठ-सत्तर सह्या. त्यांच्या गल्लीत दोन घरांत चिकनगुन्या, एका घरात डेंग्यू आणि एका तरुणाला स्क्रब टायफसचा संशय म्हणून भरती केलेले. मागण्या तीन होत्या. तलावाच्या काठावर रोज धूरफवारणी करावी, तलावाला लागून असलेल्या जैवविविधता उद्यानाची वस्तीकडची झुडपे मशीन लावून साफ करावीत आणि पावसाळा संपेपर्यंत उद्यान लोकांसाठी बंद ठेवावे. "सर, तुमची सही असली तर वजन पडते," असे त्यांचे म्हणणे. सोबत आलेले एक काका, हाताची बोटे अजून नीट मिटत नव्हती, म्हणाले, "तलावाच्या मच्छरानंच झालं ना जी हे सगळं?"

मी सही केली नाही. ते नाराज झाले, आणि ते स्वाभाविक होते. घरात ताप असताना माणूस कारण शोधतो आणि कारण डोळ्यांसमोर पसरलेले असेल तर दुसरीकडे पाहत नाही. पण वैद्यकशास्त्रात निदान चुकले की औषध वाया जाते, कधी रुग्णही जातो. निवेदनाचेही तसेच आहे. रांगेत अजून रुग्ण होते, म्हणून तेव्हा जे सांगता आले नाही ते इथे सांगतो.

आधी काकांच्या चिकनगुन्याचे पाहू. २०२४ च्या पावसाळ्यात नागपूरकरांनी या आजाराची मोठी साथ पाहिली. सांधे धरलेली माणसे भिंतीचा आधार घेत ओपीडीत येत होती आणि अनेकांचे दुखणे पुढे महिनोन् महिने चालले. चिकनगुन्या आणि डेंग्यू हे दोन्ही पसरवते ती एडिस इजिप्ती डासाची मादी. तिची आवड ठरलेली आहे. तिला तुलनेने स्वच्छ, साचलेले, भांड्यातले पाणी लागते. ती अंडी घालते पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर. ही अंडी कोरडी पडली तरी काही महिने टिकतात आणि पाणी पुन्हा चढले की त्यातून अळ्या निघतात. अळीचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. ही मादी दिवसा चावते, माणसाच्या घरातच विसावते आणि सहसा शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. मोकळ्या तलावात, जिथे वाऱ्याने लाटा उठतात आणि मासे अळ्या खातात, तिथे ती अंडी घालायला जात नाही. एडिसचीच दुसरी एक जात, अल्बोपिक्टस, झाडांच्या ढोलीत आणि फेकलेल्या करवंट्यांत वाढते, तेव्हा जंगल अगदी निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. पण आपल्या शहरातल्या साथींची मुख्य गुन्हेगार घरातलीच आहे.

आणि घरात ती राहते कुठे? नागपूरच्या माणसाला हे सांगायला नको, तरी सांगतो. खिडकीला बाहेरून टांगलेला कूलर आपण मार्चमध्ये सुरू करतो, जूनमध्ये पाऊस आला की बंद करतो आणि तो तिथेच राहू देतो. टाकीत तळाशी चार बोटे पाणी, वर वाळ्याची किंवा लाकडाच्या भुशाची ओली जाळी, चहूबाजूंनी सावली. एडिससाठी यापेक्षा चांगले प्रसूतिगृह मलाही बांधता येणार नाही. पावसाची झड आत येते, पाण्याची पातळी वाढते, भिंतीवरची अंडी फुटतात. त्यात भर म्हणून गच्चीवरची उघडी टाकी, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी आणि बांधकामावरचे पिंप. तलावाकाठी कितीही धूर केला तरी यांतल्या एकाही अळीला काही होत नाही. धूरफवारणी फक्त त्या क्षणी हवेत उडत असलेल्या डासांना मारते. एडिस त्या वेळी तुमच्या पडद्यामागे असते आणि धुराची गाडी आली की आपण खिडक्या लावून घेतो. आठवड्यातून एकदा कूलरची टाकी रिकामी करून आतली भिंत खरबरीत ब्रशने घासणे, हा उपाय दिसायला गरीब आहे. गाडीचा आवाज येतो, धूर दिसतो, काहीतरी झाले असे वाटते. ब्रशचा आवाज कोणाला ऐकू येत नाही.

मग तलावाचा काहीच दोष नाही का? आहे, पण तो वेगळ्या डासाचा आणि वेगळ्या आजाराचा. अंबाझरीच्या पाण्यात वाडी आणि आसपासच्या वस्त्यांतून सांडपाणी येते, हा विषय वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत आणि न्यायालयात गाजतो आहे. सांडपाण्यासोबत नत्र आणि स्फुरद येतात, म्हणजे एका अर्थी खतच. त्या खतावर जलपर्णी पोसते. आपल्याकडे तिला 'इकॉर्निया' म्हणायची सवय झाली आहे. अनुकूल हवामानात ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. तिच्या दाट चटईखाली उजेड पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे मरतात. मासे गेले की अळ्या खाणारे कोणी उरत नाही आणि लाटा थांबल्या की अळ्यांना शांत पाणी मिळते. मॅन्सोनिया नावाच्या डासाच्या अळ्या तर जलपर्णीच्या मुळांत नळी खुपसून तिथूनच श्वास घेतात, वर येण्याचीही गरज नाही. तलावाला मिळणारे नाले आणि काठावरची गढूळ डबकी ही क्युलेक्स डासाची जागा. हा रात्री चावतो आणि एडिसपेक्षा बराच लांब उडतो.

क्युलेक्सचे नाव काढले की विदर्भातल्या डॉक्टरला हत्तीरोग आठवतो. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हा आजार पिढ्यान् पिढ्या आहे. सुजलेला पाय दिसतो तेव्हा जंतूचा शिरकाव होऊन अनेक वर्षे झालेली असतात, म्हणून कोणी त्याचा मोर्चा काढत नाही. जंतू रक्तात दिसतात ते रात्री, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री उशिरा दार वाजवून बोटाचे रक्त मागतात आणि लोक त्यांना चोर समजून हाकलतात. २०१९ च्या सुरुवातीला तीन औषधे एकत्र देण्याची सामूहिक मोहीम देशात ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत झाली, त्यांत नागपूर होते. गोळ्या वाटणाऱ्या आशाताईंना मात्र अनेक सुशिक्षित घरांतून "आम्हाला काय गरज" हे उत्तर मिळते. तेव्हा तलावाबद्दल तक्रार करायचीच असेल तर ती सांडपाण्याची करावी. नाला अडवला, शुद्ध करूनच पाणी सोडले, तर जलपर्णीचे अन्न तुटते. नुसती जलपर्णी दर वर्षी मशीनने काढणे म्हणजे तापाचे कारण न शोधता रोज पॅरासिटामॉल देणे.

आता स्क्रब टायफस. याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण इथे मी स्वतः शिकलो आहे आणि फी रुग्णाने भरली आहे.

२०१८ च्या पावसाळ्याअखेर नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या आजाराने थैमान घातले. त्याआधी आमच्यापैकी अनेकांनी तो पुस्तकात वाचला होता, हिमालयाच्या पायथ्याचा आणि दक्षिणेचा आजार म्हणून. त्या काळात एका शनिवारी चाळिशीतली एक बाई तापाने आली. पाच दिवस ताप, डोकेदुखी, अंगदुखी, प्लेटलेट कमी. डेंग्यूचा हंगाम, वॉर्ड भरलेला, आम्ही डेंग्यूच धरून चाललो. सोमवारी तिला धाप लागली, मंगळवारी कावीळ दिसली. सिस्टरांनी अंग पुसताना डाव्या काखेत एक काळी खपली पाहिली, सिगारेटचा चटका लागल्यासारखी. बाईला ती दुखत नव्हती, म्हणून तिने सांगितली नव्हती. आम्ही पाहिली नव्हती. डॉक्सिसायक्लिन सुरू केले तेव्हा फुप्फुसे आणि मूत्रपिंडे दोन्ही गेली होती. ती वाचली नाही. शनिवारी काख पाहायला अर्धा मिनिट लागला असता. तेव्हापासून आमच्या युनिटमध्ये तापाच्या रुग्णाचा शर्ट काढल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही आणि नवीन रेसिडेंट मुलांना मी हाच किस्सा सांगतो.

तिच्या नवऱ्याला आम्ही विचारले, जंगलात गेली होती का? नाही. ती एका कॉलनीत घरकाम करायची आणि रिकाम्या प्लॉटमधून पायवाटेने जायची. त्या प्लॉटवर कमरेएवढे गवत होते, कडेला कॉलनीचा कचरा होता.

हा आजार ओरिएंशिया सुत्सुगामुशी नावाच्या जिवाणूने होतो. तो पसरवतात चिगर, म्हणजे एका जातीच्या सूक्ष्म किड्यांची पिल्ले, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी. मोठा किडा माणसाला चावत नाही, फक्त पिल्लू चावते आणि तेही आयुष्यात एकदाच जेवते. एरवी त्याचे जेवण उंदीर-घुशींवर चालते, माणूस मध्ये येतो तो अपघाताने. जिवाणू मादीकडून अंड्यांत उतरतो, त्यामुळे एखाद्या जागी तो पिढ्यान् पिढ्या टिकतो आणि गवताच्या चार हातांच्या तुकड्यात चिगर खच्चून असतात तेव्हा शेजारच्या तुकड्यात एकही नसतो. उंच वृक्षांची सावली असलेल्या जुन्या जंगलापेक्षा झाडी आणि मोकळी जमीन यांच्या मधला पट्टा यांना जास्त मानवतो. तोडून पुन्हा उगवलेले गवत, पडीक जमीन, शेताचा बांध, नाल्याचा काठ, शहरातले रिकामे प्लॉट. 'स्क्रब' म्हणजे झुडूप, आणि या नावामुळे सगळी झाडी बदनाम झाली. पण चिगरला झुडपाइतकाच उंदीर लागतो आणि उंदराला आपला कचरा.

म्हणूनच निवेदनातली दुसरी मागणी मला धोक्याची वाटते. अंबाझरीचे उद्यान साडेसातशे हेक्टरच्या आसपास आहे, त्यात गवताळ माळ आहे, झुडपे आहेत, झाडी आहे. वस्तीकडचा पट्टा जेसीबीने खरवडला तर पहिल्या आठवड्यात स्वच्छ दिसेल. उंदीर आणि साप कुठे जातील? समोरच्या कंपाउंडमध्ये. आणि पुढच्या पावसात त्या उघड्या मातीवर सर्वांत आधी उगवेल गाजर गवत आणि रान, म्हणजे चिगरला आवडणारे नेमके तेच. कुंपणालगत आणि पायवाटांच्या दोन्ही बाजूंना मीटर-दीड मीटर गवत नियमित कापले, काप जागेवर न टाकता उचलले, कचऱ्याचे ढीग हलवले आणि रिकाम्या प्लॉटच्या मालकांना नोटिसा दिल्या, तर यातला बराच धोका कमी होतो. शेवटचे सर्वांत कठीण. प्लॉटमालक मुंबईत किंवा अमेरिकेत, भाव वाढण्याची वाट पाहत.

याच अनुषंगाने सापांचे. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावा इतका बारीक की सकाळी पापण्या जड झाल्यावरच कळते. घोणस, म्हणजे आपल्याकडची परड, पालापाचोळ्यात आणि विटांच्या ढिगात बसते. दोन्ही भक्ष्याच्या मागे येतात. तलावकाठच्या घरांना मी एवढेच सांगेन, रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्या, खाली झोपत असाल तर मच्छरदाणीची कड गादीखाली खोचा. ती डास, साप दोघांनाही अडवते. चावलाच, तर वेळ न दवडता प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात आणा. ते तिथे विनामूल्य मिळते.

निवेदनात एक गोष्ट नव्हती, आणि तिचेच मला नवल वाटले. २२ सप्टेंबर २०२३ ची रात्र. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलीमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरीचा ओव्हरफ्लो धो धो वाहू लागला, नाग नदीच्या पात्रात पाणी मावले नाही आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कार्पोरेशन कॉलनीपासून खाली सीताबर्डीपर्यंत पाणी घुसले. २३ तारखेच्या पहाटे लोक गच्चीवर होते आणि लष्कराच्या नावा गल्ल्यांत फिरत होत्या. मृतांमध्ये अंथरुणाला खिळलेली वृद्ध स्त्री होती. तळमजला, रात्रीची वेळ, उठता न येणारे शरीर. वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर त्या तलावाने आजवर केलेली सर्वांत मोठी इजा हीच आहे, आणि तिच्यात डास कुठेच नाही.

पूर ओसरल्यावर ओपीडीत जे आले ते पुस्तकात एका प्रकरणात मावत नाही. पायाला पत्रा लागलेले, धनुर्वाताचे इंजेक्शन हवे असलेले. आठवड्याभराने ताप आणि पोटऱ्या दुखणारे, ज्यांत लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावा लागतो, कारण उंदरांचे मूत्र मिसळलेल्या पाण्यातून ते तासन् तास चालले होते. आणि सर्वांत जास्त होते ते औषध वाहून गेलेले. बीपीच्या गोळ्या, मिरगीच्या गोळ्या, फ्रिजसकट बुडालेले इन्सुलिन. चिखलाने भरलेली फाइल उलगडून दाखवणारे निवृत्त शिक्षक मला आठवतात, शाई पसरून सगळी चिठ्ठी निळी झाली होती. त्यांना गोळीचे नाव माहीत नव्हते, रंग माहीत होता. तेव्हापासून मी तलावाखालच्या आणि नदीकाठच्या प्रत्येक रुग्णाला सांगतो, चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि मुलाला पाठवा. पावसाळ्यात अंथरुणावरच्या माणसाची खाट वरच्या मजल्यावर न्या. हा सल्लाही वैद्यकीयच आहे.

अंबाझरीचा बंधारा मातीचा आहे, शहराला पाणी देण्यासाठी १८७० च्या सुमारास बांधलेला. पुढे गोरेवाडा, कन्हान आणि पेंच आले, नळाच्या पाण्याशी या तलावाचा संबंध सुटला आणि त्याच्याकडे आपण चौपाटी म्हणून पाहू लागलो. धरण म्हणून पाहणे विसरलो. पुरानंतर बंधाऱ्याची मजबुती, सांडवा, पुढचे पूल, पात्राची रुंदी हे सगळे विषय निघाले. सांडव्याच्या पुढ्यातले स्वामी विवेकानंद स्मारक पाण्याला अडथळा ठरते की नाही हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. त्यातले अभियांत्रिकी मला कळत नाही. पण एक मुद्दा वृक्षप्रेमी मित्रांना रुचणार नाही, तरी लिहितो. मातीच्या बंधाऱ्यावर मोठी झाडे नकोत, हे धरणशास्त्राचे जुने सूत्र आहे. मुळे कुजली की त्यांच्या नळ्यांतून पाणी वाट काढते. झाड कुठे हवे याला महत्त्व आहे. बंधाऱ्यावर नको, पण वर पाणलोटात हवेच हवे.

आणि इथे तलाव आणि जंगल यांचा खरा संबंध येतो, जो निवेदनात आणि आपल्या बोलण्यातही तुटलेला असतो. तलावाच्या वरच्या अंगाला गवत आणि झाडी आहे तोवर पावसाचे थेंब थेट मातीवर आदळत नाहीत, पाणी मुरते, रेंगाळते, उशिरा पोचते. माती वाहून येत नाही, म्हणून तलाव गाळाने भरत नाही. त्याच जागी सिमेंटचा रस्ता, पार्किंग किंवा खरवडलेला मुरूम आला तर तेच पाणी एकदम आणि गाळासकट येते. अर्थात चार तासांत शंभर मिलीमीटर पडले तर कोणतेही जंगल ते सगळे पिणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. पण खाली तळमजल्यावर झोपलेल्या माणसाला अर्ध्या तासाची उसंत मिळाली तर तो खाटेवरून उठून जिन्यापर्यंत जातो.

उन्हाळ्याचेही असेच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा उष्माघाताचे रुग्ण येतात, बडबडणारे, तापलेल्या तव्यासारखे, अंगाचे तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या वर. यांच्यातले बरेच उन्हात राबणारे आणि पत्र्याखाली झोपणारे असतात. शहरांतील उद्याने आजूबाजूच्या बांधीव भागापेक्षा दिवसा सरासरी सुमारे एक अंशाने थंड असतात, असे अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन २०१० साली दाखवले गेले. एक अंश ऐकायला थोडा वाटतो, पण झाडाखाली उभ्या माणसाला अंगावर न पडणाऱ्या उन्हाचा फायदा त्याहून बराच जास्त मिळतो. तलावाच्या पाण्याबद्दल मात्र मी इतका उत्साही नाही. पाणी दिवसा गारवा देते, पण रात्री ते लवकर निवत नाही आणि दमटपणा वाढवते. गारव्यासाठी भरवसा झाडांवर ठेवावा.

उद्यान बंद ठेवण्याच्या मागणीवर एवढेच सांगतो. माझ्या मधुमेहाच्या रुग्णांपैकी जे खरोखर चालतात, ते बहुतेक अशाच जागी चालतात. जिमची फी त्यांना परवडत नाही आणि रस्त्यावर चालायला फुटपाथ नाही. इंग्लंडमध्ये मिचेल आणि पॉपहॅम यांनी २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जिथे हिरवाई जास्त तिथे गरीब आणि सधन यांच्या मृत्युदरातली तफावत कमी आढळली. हिरवाईमुळेच ती कमी झाली असे असा अभ्यास छातीठोकपणे सिद्ध करू शकत नाही. पण ज्याच्याकडे फार्महाऊस नाही त्याला सार्वजनिक जंगल जास्त कामाचे, हे समजायला 'लॅन्सेट' लागत नाही. चालायला जाताना पायवाटेवर राहा, गवतात बसू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोजे घाला, घरी आल्यावर आंघोळ करून कपडे धुवायला टाका. चिगर त्वचेवर जागा शोधत बराच वेळ फिरतो, साबण आणि पाणी त्याला पुष्कळदा तिथेच थांबवतात. आणि आठवडा ते तीन आठवड्यांनी ताप आला तर काख, जांघ, कमरपट्ट्याची जागा, कानामागे, बायकांनी स्तनांखाली काळी खपली आहे का ते पाहावे. खपली नसली तरी आजार नाही असे समजू नये, अनेकांत ती सापडतच नाही. ताप तीन दिवसांपुढे गेला तर डॉक्टरांना 'स्क्रब टायफस असू शकेल का' हे तुम्ही विचारा, त्यात कमीपणा नाही. वेळेवर दिलेले डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे आणि बहुतेकांचा ताप दोन-तीन दिवसांत उतरवते. गंभीर रुग्णांत डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन दोन्ही शिरेतून एकत्र दिल्यास गुंतागुंत कमी होते, हे वेल्लोरच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतातच ७९४ रुग्णांवर झालेल्या चाचणीने २०२३ साली दाखवून दिले.

परवा काका फेरतपासणीला आले. बोटे आता बऱ्यापैकी मिटतात. निवेदन सोबत होते, त्यावर बऱ्याच ठिकाणी काट मारलेली. उद्यान बंद करण्याची मागणी त्यांनी काढली होती. झुडपे साफ करण्याऐवजी 'कुंपण व पायवाटेलगतचे गवत महिन्यातून दोनदा कापावे, कचरा उचलावा' असे लिहिले होते. तलावात येणाऱ्या सांडपाण्याचा आणि रिकाम्या प्लॉटचा मुद्दा नवीन घातला होता. शेवटी बारीक अक्षरात, पावसाळ्यापूर्वी तळमजल्यावरील अंथरुणावरच्या रुग्णांची वॉर्डनिहाय यादी करून ती अग्निशमन केंद्राला द्यावी, अशी एक ओळ होती. ती मी सुचवली नव्हती. काकांच्या आई ब्याण्णव वर्षांच्या आहेत आणि २०२३ च्या त्या पहाटे त्यांना खाटेसकट जिन्यावर चढवले होते.

धूरफवारणीची मागणी मात्र तशीच होती. "बाकीचे ऐकतच नाहीत जी," काका म्हणाले. मी ती ओळ सोडून बाकीच्या मजकुराखाली सही केली आणि विचारले, कूलर उतरवला का? मुलगा रविवारी उतरवणार आहे, म्हणाले. टाकी तरी आज रिकामी करा, असे सांगून मी पुढच्या रुग्णाला बोलावले.